शेततळ्यात मत्स्यबीज सोडताना : श्रावणातील सल्ला

अवर्षणप्रवण भागात ज्यांनी शेततळे घेतले आहे, त्यांनी मासळीचा विचार करताना बियाणे आणि खाद्य यांच्याही आधी एक गोष्ट पाहावी : आपल्या तळ्यात निदान पाच फूट पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते? फळबागेला पाणी देता देता फेब्रुवारी-मार्चमध्येच तळ दिसू लागत असेल, तर हाताशी जेमतेम सहा-सात महिने उरतात, आणि तेवढ्या अवधीसाठी मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्ले, तळ्यात टाकल्यास काही हाती लागत नाही. अशा तळ्यात 75 ते 100 मिलिमीटर लांबीची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लेच सोडावीत. ती महाग पडते हे खरे. परंतु स्वस्त म्हणून आणलेल्या जिऱ्यातील बरेचसे पाणकिडे आणि बेडूक फस्त करतात, आणि उरलेले मासे विकण्याजोगे होण्याआधीच पाणी संपते.

कटला, रोहू आणि मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले, आणि त्याच वाटेने आज पावसाळ्यात बीज मिळते; म्हणून ते दरवर्षी नव्याने आणावेच लागते. कटला वरच्या, रोहू मधल्या आणि मृगळ तळाच्या थरात चरत असल्याने त्यांचे प्रमाण 4:3:3 ठेवावे. हेक्टरी 5,000 या हिशेबाने 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात सुमारे 450 बोटुकल्या पुरेत. याहून अधिक सोडण्याचा मोह आवरावा, कारण दाटी झाली की सगळेच मासे खुरटतात.

बीजाची पिशवी सकाळच्या गारव्यात पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेऊन मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत.

प्लास्टिक कागद अंथरलेल्या तळ्यात चिखल नसतो, त्यामुळे नैसर्गिक खाद्य कमी तयार होते. तेथे शेणाची रबडी द्यावी, पण बेताने. त्याची परीक्षा सोपी आहे : हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळवा कोपराच्या आधीच दिसेनासा झाला, तर पाणी फार हिरवे झाले आहे असे समजून शेण थांबवावे. कोपर बुडूनही बोटे स्वच्छ दिसत असतील, तर आणखी द्यावे. रात्रभर भिजवलेली शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग मळून त्याचे गोळे ताटलीत ठेवून पाण्यात सोडावेत, आणि दोन तासांनी ताटली वर काढून पाहावी. गोळे शिल्लक असतील, तर दुसऱ्या दिवशी खाद्य कमी करावे.

सलग ढगाळ हवामानात पहाटे तळ्यावर अवश्य जावे. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत असतील, तर पाण्यातील प्राणवायू घटलेला असतो. त्या दिवशी खाद्य व शेण पूर्ण बंद ठेवून पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडावे.

तळ्यातला ओला प्लास्टिक कागद अतिशय निसरडा असतो आणि त्यावरून घसरलेल्या माणसाला, पोहता येत असले तरी, वर चढता येत नाही. म्हणून बीज आणण्याआधी चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरच्या खुंटांना घट्ट बांधून पाण्यापर्यंत सोडावेत, तळ्याला कुंपण घालावे आणि खाद्य टाकायला मुलांना एकटे पाठवू नये.