ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचा नेम रेंजवर कसा तपासायचा

अमेरिकेत उबेर्ती किंवा पिएत्ता या इटालियन कंपन्यांची १८६० कोल्ट आर्मी नाहीतर १८५८ रेमिंग्टनची कॉपी घेतात, रेंजवर एका कागदावर सहा बार काढतात, भोकं पसरलेली दिसली की म्हणतात जुन्या डिझाइनकडून एवढंच मिळणार. मला हे अजिबात पटत नाही. सहा बार म्हणजे टेस्ट नाही हे तर आहेच, पण मुख्य गोष्ट अशी की या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक चेंबर, म्हणजे फिरत्या सिलिंडरमधला एकेक खण, ही स्वतंत्र बंदूक असते, दारू तुम्ही ओतता, गोळी तुम्ही दाबता, घोडा आपटला की ठिणगी देणारी टोपी तुम्ही बसवता, आणि चेंबरांची मापंही एकमेकांपेक्षा थोडी वेगळी असतात ते वेगळंच. म्हणून टेस्ट चेंबरप्रमाणे करायची.

आधी कायद्याचं बघा. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये या कॉपीज फेडरल पातळीवर अँटिकमध्ये मोडतात, पण न्यू जर्सीसारख्या राज्यात त्यांना हँडगनचेच नियम लागतात, तर एडिसनच्या आपल्या मंडळींनी नीट चौकशी करूनच घ्या. भारतात आर्म्स ॲक्ट १९५९ खाली ठासणीच्या बंदुकीलाही लायसन्स लागतं. आणि धुरामुळे बऱ्याच इनडोअर रेंज ब्लॅक पावडर चालवू देत नाहीत, आधी फोन करून विचारा.

सामान: ३एफ (बारीक दाण्याची) ब्लॅक पावडर, माप, ग्रीस लावलेले फेल्टचे वॅड (दारू आणि गोळ्याच्या मध्ये ठेवायच्या चकत्या), मऊ शिशाचे गोळे, नंबर १० किंवा ११ च्या टोप्या (चेंबरमागच्या निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या बारीक नळकांड्यावर, घट्ट बसतील त्या), मार्कर, कॅलिपर, वही. ०.४४ कॅलिबरला गोळा ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाचा, ०.३६ कॅलिबरच्या कोल्ट नेव्हीला ०.३७५ किंवा ०.३८०. दाबताना शिशाची पूर्ण गोल कडी कापली गेली पाहिजे, नाही निघाली तर गोळा लहान आहे, आणि असा सैल गोळा शेजारच्या चेंबरनेही पेट घेण्याचा धोका वाढवतो. स्मोकलेस पावडर कधीही, चिमूटभरसुद्धा नाही. फ्लास्कमधून थेट चेंबरमध्ये ओतायचं नाही, आत ठिणगी राहिलेली असली तर अख्खा फ्लास्क हातात पेटेल. चष्मा आणि कानाचं प्रोटेक्शन लागतंच.

घरीच सिलिंडरच्या मागच्या बाजूला मार्करने १ ते ६ आकडे टाका. रेंजवर नळी आणि चेंबर कोरड्या कापडाने पुसा, कारण तेल राहिलं की पहिले बार कुठेही जातात. मग रिकाम्या चेंबरांच्या निपलवर एकेक टोपी फोडा. नळी गवताकडे धरली आणि पातं हललं म्हणजे निपल मोकळं आहे.

आता कागद. २५ यार्डांवर सहा गोल लावा आणि त्यांनाही १ ते ६ नंबर द्या. चेंबर १ चा बार कायम गोल १ वर, चेंबर २ चा गोल २ वर, असंच पुढे. पाच वेळा सिलिंडर भरला की प्रत्येक गोलावर पाच भोकं. फक्त दर वेळी सुरुवात वेगळ्या चेंबरने करायची. कायम १ पासून सुरू केलंत तर ६ नंबर दर वेळी सगळ्यात घाण नळीतून जाणार आणि मग दोष चेंबरचा की काजळीचा ते कळणारच नाही. हे बरेच लोक विसरतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

टेबलावर बसून सँडबॅगवर हात टेकवा, नळी टेकवू नका. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम गॅस येतो, तिथे बोटंही नकोत आणि बॅगही नको. ०.४४ ला २० ते २५ ग्रेन, ०.३६ ला १५ ते १८ ग्रेन मापाने घेऊन सुरू करा, वरची मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमधली. हलका बार बहुतेक वेळा जास्त नेमका जातो. बार हलका असला की गोळा खूप आत बसतो आणि नळीपर्यंत जास्त उडी मारतो, म्हणून इथले लोक मध्ये क्रीम ऑफ व्हीट भरतात, ते म्हणजे आपल्या उपम्याच्या रव्यासारखंच. काही झालं तरी दारू आणि गोळ्याच्या मध्ये हवेची पोकळी राहता कामा नये, आणि गोळा दाबायची लिव्हर प्रत्येक चेंबरला सारख्याच जोराने दाबायची.

दर सिलिंडरनंतर मधला पिन आणि सिलिंडरचं तोंड पुसून थोडं ग्रीस लावा. कोल्टमध्ये वेज (नळी जागेवर धरणारी पाचर) दर वेळी तेवढीच आत गेली पाहिजे, नाहीतर फट बदलते आणि भोकंही सरकतात. घोडा ओढताना नळी रेंजच्याच दिशेला पण थोडी वर ठेवा म्हणजे फुटलेली टोपी मेकॅनिझममध्ये न अडकता बाहेर पडते. बार नाही उडाला तर नळी टार्गेटकडेच धरून निदान एक मिनिट थांबा.

मोजायचं कसं, तर सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून गोळ्याचा एक व्यास वजा करा. पाच गोलांवर ग्रुप (भोकांचा पुंजका) छान आणि एकाच चेंबरचा ग्रुप बाजूला गेलेला असेल तर त्या चेंबरचं तोंड कॅलिपरने मोजा, घोडा चढवून सिलिंडर किती हलतो बघा. सगळेच ग्रुप पसरलेले असतील तर दारूचं माप बदला, पण एका वेळी एकच गोष्ट, माप आणि गोळा दोन्ही बदललंत की वहीतल्या नोंदींना काही अर्थ उरत नाही. तरीही सुधारलं नाही तर मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून काढा आणि मोजा. या कॉपीजमध्ये चेंबरचं तोंड नळीच्या खाचांपेक्षा लहान असल्याचं बऱ्याचदा आढळतं, मग गोळा खाचा नीट पकडत नाही. चेंबर रीम करणं, म्हणजे आतून किंचित मोठं करणं, गनस्मिथचं काम, घरी ड्रिल लावू नका.

माशीला (नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटला) हात सगळ्यात शेवटी, ग्रुप जमल्यावरच. कोल्ट २५ यार्डांवर सहसा वर मारतात, त्यांना माशी उंच लागते, आणि खाली मारणारीची माशी कानसीने कमी करायची. हिशेब सोपा आहे, दोन साइटमधलं अंतर गुणिले चूक भागिले टार्गेटचं अंतर, सगळं इंचात. समजा साइटमधलं अंतर १० इंच, भोकं ९ इंच वर, आणि २५ यार्ड म्हणजे ९०० इंच, तर माशी ०.१ इंच उंच हवी. कानस मारताना हिशेबाच्या निम्मंच घासा, परत बार काढून बघा, मग उरलेलं.

पुढे स्पर्धेचा विचार असेल तर एमएलएआयसी या ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मॅरिएट ही ठासणीच्या रिव्हॉल्व्हरची स्पर्धा २५ मीटरवर असते, १३ बार आणि त्यातले उत्तम १० धरतात. त्यासाठी सहापैकी सगळ्यात चांगले चेंबर कुठले ते माहीत असलं की फक्त तेवढेच भरता येतात.

आणि त्याच संध्याकाळी गरम पाणी आणि साबणाने सगळं धुवा, निपल काढून धुवा, पूर्ण वाळवा, तेल लावा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर नळीत गंज धरायला लागतो.