माल्टची जड पिशवी उचलायची आणि निथळायची कशी

घरी बीयर करताना सगळं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) एकाच जाळीच्या पिशवीत घालून मॅश करायची, म्हणजे पातेल्यातल्या गरम पाण्यात भिजवून ठेवायची, पद्धत तशी सोपी, खरी कटकट एकच, तासाभराने ती पिशवी बाहेर काढणं. ५ किलो कोरडं माल्ट घेतलं तर निथळल्यावरही किलोमागे पाऊण ते एक लिटर वर्ट (माल्टचा गोड अर्क उतरलेलं पाणी) त्यातच अडकून राहतं, म्हणजे ९-१० किलो झालेच, आणि नुकती वर येते तेव्हा त्याहून जास्त, शिवाय सगळं ६५-६७ अंशांवर तापलेलं. हे हात लांब करून दहा मिनिटं धरून उभं राहायचं काम नाहीये, पाठ तर जातेच आणि हातातून सुटली तर गरम वर्ट अंगावर.

त्यामुळे वर एक पक्का हुक आणि त्याला कप्पी, शक्यतो रॅचेटवाली, म्हणजे दोर सोडला तरी पिशवी जिथल्या तिथे लटकून राहते. कप्पी, दोर, हुक सगळं ओल्या वजनाच्या दुप्पट तरी भार घेणारं हवं, आणि हुक बरोबर पातेल्याच्या मध्यावर, नाहीतर पिशवी झोके घेत काठावर आपटते. छतात हुक मारता येत नसेल तर उघडलेली ए आकाराची शिडी पातेल्यावर उभी करा, चालते. पिशवीचे बंद नुसते काठाला शिवलेले नसावेत, तळाखालून फिरवलेले असले की शिवण उसवत नाही.

उचलायच्या आधी बर्नर बंद, जाळी पॉलिस्टरची असते, आचेला लागली की वितळते. पिशवी बुडालेली असते तोवर हलकीच वाटते, वर यायला लागली की एकदम वजन लागतं, म्हणून वीतभर उचला, थांबा, वर्ट खाली उतरू द्या, मग पुढची वीत. झटक्यात ओढलं तर आतलं सगळं वर्टही तुम्हीच उचलताय.

पूर्ण वर आली की १०-१५ मिनिटं तशीच सोडा, बहुतेक वर्ट आपोआप खाली येतं.

आता पिळायचं का? पिळल्याने टॅनिन (धान्याच्या सालीतला तुरट घटक) उतरून बीयर तुरट होते असं खूप जण सांगतात, मला ते पटत नाही, टॅनिन उतरतं ते तापमान ७७ अंशांच्या वर आणि पीएच ६ च्या आसपास गेला की. पिळल्याने वर्ट थोडं गढूळ होतं इतकंच. पिशवीचं तोंड धरून पीळ द्या आणि बाजूने दाबत या, पण सिलिकॉनचे लांब हातमोजे घालून, कापडी मोजे गरम वर्ट शोषून घेतात आणि तेच हाताला चिकटून भाजतं.

कप्पी नकोच असेल तर पातेल्यावर आडवी बसेल अशी मजबूत स्टीलची जाळी घ्या, पिशवी उचलली की दुसऱ्याने ही जाळी तिच्याखाली सरकवायची, पिशवी जाळीवर ठेवून द्यायची. एकटे असाल तर माल्ट दोन पिशव्यांत घाला, मला तर हेच जास्त आवडतं, फक्त मॅश करताना दोन्ही नीट ढवळायला लागतात.

निथळून झालं की वर्ट किती आहे ते उकळायच्या आधीच मोजा, कमी भरलं तर पिशवीवरून थोडं गरम पाणी ओता, ७५ अंशांपर्यंतचं. चोथा त्याच दिवशी बाहेर काढा, फार लवकर आंबतो, आणि पिशवी उलटी करून नुसत्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा, शिवणीत अडकलेले दाणे काढायला विसरू नका.