घरातला दिव्यांग माणूस तुरुंगात आहे? या चुका टाळा

नागपुरात वर्धा रोडवर मध्यवर्ती कारागृहाबाहेर मुलाकातीच्या दिवशी उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "साहेब, तो अपंग आहे जी, जरा पाहा ना." कैद्यांच्या घरच्यांना अर्ज लिहून देता देता माझं मत पक्कं झालंय, की या वाक्यानं साधी काठीही मिळत नाही. एकतर ते तोंडी असतं, आणि नेमकं काय पाहिजे तेही त्यात नसतं.

लेखी अर्जातही तीच गत. "बंदी ८० टक्के अस्थिव्यंग आहे, तरी योग्य सुविधा मिळाव्यात." संपला अर्ज. अहो, वाचणाऱ्यानं यावर करायचं काय? टक्के लिहू नका असं नाही, पण त्यांच्याखाली त्याचा दिवस लिहा. विदर्भातल्याच एका तुरुंगात कच्चा कैदी असलेल्या, पोलिओ झालेल्या मुलाची आई माझ्याकडे आली होती. घरी संडासाला कसा जायचा, असं विचारल्यावर ती आधी लाजली. मग म्हणाली, "त्याच्या बापानं खुर्चीले मधात भोक पाडून देल्लं होतं." तुरुंगात काय करतो, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या मुलाकातीत विचारलं, तेव्हा कळलं की तो दुपारनंतर पाणीच पीत नाही. पाणी नाही प्यायलं की रात्री कुणाला उठवावं लागत नाही. अर्जात आम्ही एवढंच लिहिलं: उकिडवं बसता येत नाही, संडासात खुर्ची नाही, म्हणून पाणी टाळतो, लघवीला जळजळ होते. कोर्टानं विचारणा केली आणि खुर्ची आली. प्लास्टिकची, मधात भोक पाडलेली.

मोठं नाव असलं की सगळं आपोआप होतं, असंही समजू नका. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपाखाली अटक झालेले दिल्ली विद्यापीठातले प्रा. जी. एन. साईबाबा ९० टक्के दिव्यांग, व्हीलचेअरवर, याच नागपूरच्या तुरुंगात कित्येक वर्षं होते. उपचारांसाठी त्यांनाही पुन्हा पुन्हा कोर्टाकडे जावं लागलं. नागपूर खंडपीठानं ५ मार्च २०२४ रोजी त्यांना निर्दोष ठरवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घरी कपाटात ठेवून "आमच्याकडे आहे ना" म्हणणं ही दुसरी चूक. साक्षांकित प्रती तीन ठिकाणी हव्यात: तुरुंग, वकील आणि कोर्टाची फाइल. मुळात काढलंच नसेल, तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत तपासणी व्हावी असा अर्ज वकिलामार्फत कोर्टात द्या. सर्वोच्च न्यायालयानं १५ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितलंय, की तुरुंगात येतानाच बंद्याला आपलं अपंगत्व सांगायची संधी मिळाली पाहिजे आणि नियम त्याला समजेल अशा रूपात, ब्रेल किंवा खुणांच्या भाषेतही, दिले पाहिजेत. निकाल मुळात तिथल्या तुरुंगांबद्दल होता, पण डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं ते निर्देश सगळ्या राज्यांना लागू केले, म्हणून प्रत अर्जाला जोडाच.

कुबड्या, श्रवणयंत्र घेऊन थेट गेटवर जाणं म्हणजे बहुतेकदा हेलपाटा. आधी लेखी परवानगी घ्या, आणि तिच्यात "श्रवणयंत्र व त्याचे सेल" असं पूर्ण लिहून घ्या. नुसतं "यंत्र" लिहिलं तर यंत्र आत जातं आणि सेल बाहेर राहतात.

जामीन होईपर्यंत सोयी मागायच्या नाहीत, ही सवय तर फारच महागात पडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी किंवा अशक्त माणसाला जामीन देताना विचार करण्याची मुभा आहे. पण ती मुभा आहे, हक्क नाही. शिवाय विशेष कायद्यांखालच्या गुन्ह्यांत वेगळ्या अटी लागतात. म्हणून जामिनाचा आणि सोयींचा असे दोन अर्ज वेगळे ठेवा.

वकिलासाठी दागिने गहाण टाकण्याआधी सिव्हिल लाइन्सला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतला माणूस आणि दिव्यांग माणूस, दोघांनाही १९८७ च्या कायद्यानं वकील फुकट मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

उत्तर आलं नाही की लोक नवा अर्ज करतात. तसं करू नका. जुन्याची पोच दाखवून पाठपुरावा करा. जिवाचा प्रश्न असेल तर माहिती अधिकारात ४८ तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे, फक्त अर्जावर तसं स्पष्ट लिहा. पुण्यात बसणाऱ्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांनाही कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

आणि भेटायला जाणारा स्वतः दिव्यांग असेल तर? हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. जिथं मुलाकात काचेआडून फोनवर होते, तिथं बहिऱ्या बापानं रिसीव्हर कानाला लावून काय करायचं? एका बापानं मुलाचे ओठ वाचता यावेत म्हणून काचेवरचे डाग रुमालानं पुसलेले मी पाहिलेत. समोरासमोर भेट मिळावी, असा अधीक्षकांच्या नावे अर्ज त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा दिला. मुलगा आत जाऊन दोन वर्षं झाली होती.