पणजी चेरोकी होती म्हणे: घरातल्या गोष्टीपासून कागदापर्यंत कसं पोहोचायचं

माझ्या सुनेचं माहेर आर्कान्सामधलं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा जेवता जेवता तिच्या आजी म्हणाल्या, "आमची पणजी चेरोकी होती, राजकन्या होती." चेरोकी म्हणजे अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात. त्या पणजीचं नाव काय, गाव कुठलं, हे मात्र घरात कुणालाच सांगता येईना. पुढे आम्हाला नात झाली आणि सून म्हणाली, "आई, तुम्ही माहेरच्या कुलवृत्तांताचं काम केलंय. एवढं शोधून द्याल?" त्या शोधात दोन वर्षं गेली. तुमची सून, जावई किंवा नातवंडं अशाच एखाद्या अमेरिकन घरातली असतील, तर त्या दोन वर्षांत शिकलेलं तुमच्या कामी येईल.

ही गोष्ट सांगणारी घरं अमेरिकेत पुष्कळ आहेत. २०१० च्या जनगणनेत सुमारे ८ लाख १९ हजार लोकांनी स्वतःला पूर्णपणे किंवा अंशतः चेरोकी म्हणवलं होतं. चेरोकी राष्ट्रांच्या नोंदणीकृत नागरिकांची संख्या तेव्हा त्याहून बरीच कमी होती. राजकन्येचं म्हणाल तर चेरोकींमध्ये राजघराणं कधी नव्हतंच, त्यामुळे तो शब्द बाजूला ठेवा. आजींवर मात्र अविश्वास दाखवू नका. त्यांनी जे ऐकलं तेच त्या सांगत असतात.

दोन प्रश्न वेगळे ठेवा

आपल्या घराण्यात कुणी चेरोकी पूर्वज होतं का, हा एक प्रश्न. आज चेरोकी नागरिकत्व मिळू शकतं का, हा दुसरा. पहिला इतिहासाचा आहे, दुसरा कायद्याचा. चेरोकी ही केवळ जात किंवा वंश नाही, ती राष्ट्रं आहेत. त्यांना स्वतःचं सरकार आणि स्वतःची न्यायालयं आहेत. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने अशा तीनच राष्ट्रांना मान्यता दिलेली आहे: ओक्लाहोमातल्या टॅलेक्वा इथलं चेरोकी नेशन, टॅलेक्वामध्येच मुख्यालय असलेला युनायटेड कीटूवा बँड आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांतला ईस्टर्न बँड. यांच्याखेरीज कुणी संस्था पैसे घेऊन सदस्यत्वाचं कार्ड देत असेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

सुरुवात स्वतःपासून

पहिली चूक मीच केली. थेट चेरोकी याद्या (चेरोकी लोकांच्या नावांच्या जुन्या सरकारी याद्या) उघडल्या आणि ओळखीचं आडनाव शोधत बसले. तीन महिने वाया गेले. काम उलट्या दिशेने करायचं असतं. ज्याची वंशावळ मांडायची त्याच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात करा, मग त्याचे आईवडील, मग त्यांचे आईवडील. प्रत्येक पिढी कागदाने पुढच्या पिढीला जोडली गेली पाहिजे. जन्मदाखला, विवाहनोंद, मृत्यूदाखला, मृत्युपत्र, जमिनीचा व्यवहार, थडग्यावरची अक्षरं, घरातल्या जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेले जन्ममृत्यू, सगळं चालतं. एक सांधा कच्चा राहिला की त्यामागचं सगळं हवेत लटकतं.

आपली एक सवय इथे मोडावी लागते. आपले कुलवृत्तांत बहुतेक बापाकडून मुलाकडे जातात, आणि लेकीच्या नावापुढे "अमुक घराण्यात दिली" एवढंच येतं. चेरोकींचं कूळ आईकडून येतं. त्यांची सात कुळं आहेत: लांडगा, हरीण, पक्षी, रंग, लांब केस, निळं आणि रानबटाटा. बाप गोरा असला तरी आई चेरोकी असेल, तर मूल आईच्या कुळातलं. म्हणून प्रत्येक बाईच्या नावासमोर तिचं माहेरचं आडनाव आलंच पाहिजे. ते मिळत नसेल तर तिथेच थांबा आणि आधी तेवढंच शोधा. माझ्या वहीत अशी सहा प्रश्नचिन्हं होती आणि खरं काम त्या सहा जागीच झालं.

वडीलधाऱ्यांशी बोलताना "आपण चेरोकी होतो का?" असं विचारू नका. होकार मिळतो आणि गोष्ट तिथेच संपते. कुठल्या काउंटीत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात) राहायचे, कुठल्या चर्चमध्ये जायचे, जमीन कुणाची होती, पणजीच्या भावंडांची लग्नं कुठे झाली, हे विचारा. आजींना पणजीचं नाव आठवत नव्हतं. पणजीचा एक मुलगा रेल्वेच्या कामावर होता, एवढं मात्र पक्कं आठवत होतं. शेवटी तेच उपयोगी पडलं.

जनगणनेची शिडी

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्यातली नावनिशी ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची नोंद २०२२ मध्ये खुली झाली. तिथून दहा-दहा वर्षं मागे उतरत जा. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर हे फुकट पाहता येतं. १८९० ची पानं १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली, तेव्हा १९०० वरून १८८० वर उडी मारावी लागते. त्या वीस वर्षांत माणसं लग्न करून नाव बदलतात, राज्य बदलतात, म्हणून इथे विवाहनोंदी हाताशी ठेवा. १८५० च्या मागे फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं. १९०० आणि १९१० मध्ये मूलनिवासींसाठी वेगळे तक्ते होते आणि त्यांत जमात, आईची जमात, बापाची जमात असे रकाने आहेत. तुमचं घर तिथे सापडलं तर मोठीच गोष्ट.

प्रत्येक पूर्वजाचं वर्ष आणि ठिकाण एका ओळीत लिहा आणि ती ओळ चेरोकींच्या इतिहासाशेजारी ठेवा. १८३८ पूर्वी त्यांची गावं उत्तर जॉर्जिया, पूर्व टेनेसी, पश्चिम नॉर्थ कॅरोलिना आणि ईशान्य अलाबामा इथे होती. १८३० चा हुसकावणीचा कायदा झाला, १८३५ मध्ये पूर्वेकडची जमीन सोडून देण्याचा न्यू एकोटाचा तह मूठभर माणसांच्या सह्यांवर झाला, आणि १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार माणसांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे नेलं गेलं. त्यात सुमारे ४ हजार दगावली असं मानलं जातं. अश्रूंची वाट म्हणतात ती हीच. याद्या वाचताना हे मनात ठेवावं. त्यातल्या कित्येक याद्या लोकांची जमीन काढून घेण्यासाठी किंवा त्या जमिनीचा मोबदला वाटण्यासाठी झालेल्या आहेत. १८५० मध्ये तुमचं घर ओहायोत शेती करत असेल आणि त्याआधी पेनसिल्व्हेनियात, तर ती शाखा चेरोकी असण्याची शक्यता फार थोडी.

आता याद्यांकडे

सगळ्यांत महत्त्वाची डॉज यादी. ओक्लाहोमा राज्य व्हायच्या आधी, सामाईक जमिनीचे तुकडे करून माणशी वाटण्यासाठी डॉज आयोगाने चेरोकी धरून पाच मूलनिवासी राष्ट्रांच्या लोकांची नोंद केली. मुख्य काम १८९८ ते १९०६ मध्ये झालं आणि १९०७ मध्ये यादी बंद झाली. अडीच लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले आणि एक लाखाच्या थोडे वर नोंदले गेले. यादी उघडण्याआधी दोन गोष्टी तपासा: तुमचा पूर्वज त्या वर्षांत जिवंत होता का, आणि इंडियन टेरिटरीत (आजच्या ओक्लाहोमाच्या पूर्व भागात) राहत होता का. १९०० मध्ये तो जॉर्जियात असेल तर या यादीत नसणारच. विवाहित बाई नवऱ्याच्या आडनावाखाली शोधा, लहान मूल आईबापांच्या कार्डावर.

ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर ही यादी फुकट शोधता येते. तिथे दोन आकडे दिसतील. रोल क्रमांक एका माणसाचा, कार्ड क्रमांक पूर्ण कुटुंबाचा. कार्ड काढाच. त्यावर वय, नातं, आईबापांची नावं, टपाल कार्यालय आणि १८८० च्या चेरोकी यादीतला क्रमांकही असतो. त्यापुढे अर्जाचं पाकीट असतं, त्यात अर्जदाराची प्रश्नोत्तरं जशीच्या तशी टिपलेली असतात. रक्ताचा अंश म्हणून लिहिलेल्या अपूर्णांकावर फार विसंबू नका, कारकुनाने कित्येकदा चेहरा पाहून तो आकडा घातलेला आहे. चेरोकींनी गुलाम म्हणून ठेवलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची आणि त्यांच्या वंशजांची यादी वेगळी आहे, फ्रीडमेन नावाची. तीही न चुकता पाहा. १८६६ च्या तहाने त्यांना नागरिकत्वाचे हक्क दिले होते आणि २०१७ च्या न्यायालयीन निकालाने ते पुन्हा मान्य झाले.

पण माझ्या मते शोधणाऱ्याला सर्वाधिक देतात ते न्यायालयाने नेमलेले आयुक्त गुइयन मिलर यांच्याकडे आलेले अर्ज. जुन्या तहांच्या भंगाबद्दल पूर्वेकडच्या चेरोकींच्या वंशजांना पैसे द्यायचा निकाल झाला आणि ३१ ऑगस्ट १९०७ पर्यंत सुमारे ४६ हजार अर्ज आले, देशभरातून. पात्र ठरले ३० हजारांच्या आसपास लोक, बाकीचे नामंजूर झाले. तरीही नामंजूर अर्ज वाचा. त्यात आईबाप, आजीआजोबा, भावंडं, काका-मामा-आत्या-मावश्या, त्यांचे जन्म कुठले, १८५१ मध्ये ते कुठे राहत होते, सगळं अर्जदाराने स्वतः सांगितलेलं असतं. आपल्या थेट पूर्वजाचा अर्ज मिळाला नाही तर त्याच्या भावाबहिणींचा शोधा.

मागे जायचं तर १८५१ मधली ड्रेनन यादी हुसकावून आणलेल्या कुटुंबांची, त्याच वर्षाची ओल्ड सेटलर यादी आधीच पश्चिमेला गेलेल्यांची, आणि १८३५ ची हेंडरसन यादी हुसकावणीपूर्वीच्या घरांची. पूर्वेला राहिलेल्यांसाठी सायलर, चॅपमन, हेस्टर आणि १९२४ ची बेकर.

नाव सापडलं म्हणून आपलंच नव्हे

एकाच नावाची पाच माणसं सापडतात. वय, जोडीदार, मुलं आणि ठिकाण, यांतल्या निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय ते नाव वंशावळीत घालू नका. ऑनलाइन वंशवृक्षांतून उचललेली फांदी तर तपासल्याशिवाय नकोच. तिथे एकाची चूक शंभर जण उतरवून घेतात. "आमचे लोक डोंगरात लपले, म्हणून यादीत नाहीत" असंही ऐकाल. तसं एखादं घर असेलही. पण चेरोकींच्या इतक्या याद्या झाल्या आहेत की पूर्ण कुटुंब, सगळी भावंडं, सगळे चुलते, दर वेळी सुटले, हे पटवायला वेगळा पुरावा लागेल. डीएनए चाचणीत मूलनिवासी अंश दिसला तरी जमात कळत नाही आणि तिन्ही राष्ट्रं तो नागरिकत्वाचा पुरावा मानत नाहीत. दूरचे चुलतभाऊ सापडायला मात्र त्या चाचणीचा उपयोग होतो.

साखळी पूर्ण झालीच, तर चेरोकी नेशनला डॉज यादीतला थेट पूर्वज लागतो, चुलता किंवा मावशी चालत नाही. रक्ताच्या अंशाची अट नाही. जन्म-मृत्यूचे दाखले राज्याने प्रमाणित केलेले हवेत. ईस्टर्न बँडला बेकर यादीतला थेट पूर्वज आणि किमान १/१६ अंश लागतो, कीटूवा बँडला १/४.

आमच्या घरचं सांगते. आजींचं कुणीच डॉज यादीत नव्हतं. मग रेल्वेत काम करणाऱ्या त्या मुलावरून शोधलं, आणि पणजीच्या त्या मुलाचा १९०७ चा मिलर अर्ज सापडला. नामंजूर. त्याच्या आईचे आईबाप १८३५ च्या यादीत नाहीत, असं त्यावर कारण होतं. पण आईचं पूर्ण नाव, माहेरचं आडनाव आणि टेनेसीतली काउंटी त्याने लिहिली होती. छापील प्रत घेऊन मी आजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ते नाव दोनदा मोठ्याने वाचलं आणि मग सुनेच्या मांडीवरच्या पणतीला वाचून दाखवलं. आमच्या वहीत आता ते नाव शाईने लिहिलेलं आहे. जमातीचा रकाना मी कोरा ठेवला आहे. टेनेसीच्या त्या काउंटीची १८३० च्या दशकातली जमिनीची दप्तरं अजून पाहायची राहिली आहेत.