क्रॅश रिकन्स्ट्रक्शनमध्ये यायचंय? आधी घर्षणाचा आकडा समजून घ्या

सिव्हिल किंवा मेकॅनिकल करून बरीच पोरंपोरी विचारतात की अपघात पुनर्रचनेत, म्हणजे खुणा-पुराव्यांवरून अपघात कसा झाला ते शोधायच्या कामात, कसं शिरायचं. सरळ सांगते, या नावाची जाहिरात शोधत बसलात तर वर्ष असंच जाईल. रोड सेफ्टी ऑडिट करणाऱ्या कन्सल्टन्सी, गाडी कंपन्यांचे सेफ्टी विभाग, विमा दाव्यांचा तपास करणारे, स्पॉटवर जाऊन डेटा गोळा करणाऱ्या संस्था (पुण्यात आणि कोइम्बतूरला असं काम चालतं), इथूनच आत यायचं. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रांसमोर सांगवत नाही, तेही ऐकून ठेवा.

आता ज्यात मी स्वतः अडकले ते. ब्रेकच्या खुणेवरून वेग काढायचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, 254 गुणिले घर्षण गुणांक गुणिले खुणेची मीटरमधली लांबी, त्याचं वर्गमूळ, की वेग किलोमीटर प्रतितासात. गोची त्या घर्षणात आहे. आपण आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) रस्ते डिझाइनच्या कोडवर वाढलेलो, तिथे थांबायच्या अंतरासाठी 0.35 ते 0.40 धरतात आणि हात आपोआप तोच आकडा टाकतो. 30 मीटरची खूण, 0.35 घेतलं तर वेग येतो साधारण 52. पण कोरड्या चांगल्या डांबरावर चाकं लॉक झालेल्या कारला 0.7च्या आसपास मिळतं आणि मग तीच खूण सांगते 73! 50ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर 52 आणि 73 म्हणजे दोन वेगळ्या केसेस झाल्या राव.

असं का होतं तेही बघा, कारण इथेच बहुतेकांचं डोकं अडतं. रस्ता डिझाइन करताना घर्षण मुद्दाम कमी धरतात, ओला रस्ता, झिजलेले टायर सगळं पोटात घेऊन, म्हणजे थांबायचं अंतर जास्त येतं आणि रस्ता सुरक्षित होतो. पण उलट्या दिशेने, खुणेवरून वेग काढताना, तोच कमी आकडा वेग कमी दाखवतो आणि तुमच्याही नकळत तुम्ही ड्रायव्हरची बाजू घेता. डिझाइनमधली सावधगिरी इथे पक्षपात ठरते. 2.5 सेकंदांच्या प्रतिक्रिया काळाचंही तेच, तो डिझाइनचा आकडा आहे, त्या रात्रीच्या त्या माणसाचा नव्हे. म्हणून त्याच रस्त्यावर, शक्य तितक्या तशाच स्थितीत ब्रेक टेस्ट घेऊन घर्षण मोजा आणि वेग एक आकडा न देता रेंजमध्ये द्या. शिवाय खुणेच्या शेवटी गाडी थांबली नसून धडकली असेल तर हा वेग किमान झाला, धडकेच्या वेळचा वेग त्यात मिळवायचा, पण बेरीज वर्गांची करायची आणि मग वर्गमूळ काढायचं. 73 आणि 40 मिळून 113 नाही होत, 83 होतात.

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, गाड्या खुणा धड सोडतच नाहीत, तिथे गाडीतला डेटा बघावा लागतो. 2022 मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा गाडी बनवणाऱ्या मर्सिडीज कंपनीने गाडीतला डेटा काढून पोलिसांना दिला होता. पण आपल्याकडे मरतात ते जास्त करून दुचाकीवाले आणि पायी चालणारे, त्यांच्याकडे कुठला आलाय डेटा? म्हणून टेप, खडू आणि फोटो सुटत नाहीत.

पीसी-क्रॅश हे अपघात कॉम्प्युटरवर उभं करणारं सॉफ्टवेअर पंधरा दिवसांत शिकवणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा राग आहे. अॅनिमेशन बघून क्लायंट खूश होतो, वकील उलटतपासणीत एवढंच विचारतो, हे घर्षण आणलं कुठून? भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 खाली तज्ज्ञाचं मत ऐकतात खरं, पण ते मानायचं की नाही हे कोर्ट ठरवतं. आणि गुरू शोधायचाच तर मोठ्या पदव्यांच्या मागे धावण्यापेक्षा पंचनामा लिहिणारा जुना हवालदार गाठा, नाहीतर क्रेनवाला. गाडी हलवायच्या आधी ती कशी पडली होती हे त्यांनाच माहीत असतं, त्यांच्याबरोबर चहा प्यायलात की कागदावर न आलेलं बरंच कळतं.

पहिले काही महिने झोपेत फोटो दिसतात. कमी होतं ते, खरंच होतं, पण कुणाशी तरी बोला, हिरोगिरी नको. गणितात कच्चे असाल तरी घाबरू नका, यातलं बरंचसं अकरावीचं फिजिक्स आहे.

आणि ट्रकला कारचं घर्षण लावू नका, त्याच्या टायरचं रबर वेगळं, पकड कमी.