प्रत्यारोपणाचं शास्त्र शिकायचंय? हातापासून सुरुवात करा

रत्नागिरी-चिपळूणकडून बीएस्सी करून इम्युनॉलॉजीकडे (प्रतिकारशक्तीच्या शास्त्राकडे) वळू पाहणारी मुलं मला विचारतात, सुरुवात कुठून करू? बहुतेकांनी मूत्रपिंडाचं वाचलेलं असतं. मी हाताचं वाचायला सांगते. मिरकरवाड्याच्या जेटीवर वाढलेल्यांना विंचच्या दोरात बोटं गमावलेला खलाशी नवा नाही. शिवाय हातात त्वचा, स्नायू, नसा, हाड असं सगळंच परकं येतं, आणि त्यातली त्वचा शरीराला सर्वांत जास्त खुपते.

१९९८ साली फ्रान्समध्ये ल्योंला हात बसवला. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलेली औषधं रुग्णाने सोडली आणि २००१ मध्ये तो काढावा लागला. औषधं जन्मभराची असतात, आणि ती प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. लावणीच्या चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय, हे दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण पाहणाऱ्या आपल्याला सांगायला नको. म्हणूनच औषध कमी कसं करता येईल, हा मला या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो.

अस्थिमज्जा येते ती इथे. दात्याच्या मज्जेतून आलेल्या रक्तपेशी रुग्णात रुजून थायमस या छातीतल्या ग्रंथीपर्यंत पोचल्या, तर तिथे घडणाऱ्या नव्या टी-पेशींपैकी (परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी) दात्यावर उलटणाऱ्या तिथेच बाद होतात. या मिश्र अवस्थेला चिमेरिझम म्हणतात. शास्त्रज्ञ ओवेन यांनी १९४५ मध्ये जुळ्या वासरांच्या रक्तात ती दाखवली, तर मेडावार यांच्या गटाने १९५३ मध्ये उंदरांत सहनशीलता, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला न करणं, घडवून आणली. हे दोन लेख आधी वाचा. उलटा धोकाही असतो: दात्याच्या पेशीच रुग्णावर चाल करून जाऊ शकतात.

पुढे अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या गटाने आधी अलेम्टुझुमॅब (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी नष्ट करणारं औषध) देऊन, काही दिवसांनी दात्याच्या मणक्यांतली मज्जा शिरेतून दिली आणि पुढे टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या एकट्या औषधावर हात टिकवले. रिजेक्शनचे (शरीराने अवयव नाकारण्याचे) झटके तरीही आले, आणि टिकाऊ चिमेरिझम दिसलं नाही. मग यश मज्जेचं की अलेम्टुझुमॅबचं? माझ्या मते एवढ्यावरून ठरवता येत नाही, आणि मुलाखतीत हे नेमकेपणाने सांगणारा उमेदवार मला आवडतो.

मज्जा मणक्यांतलीच का, हेही समजून घ्या. मटणाच्या नळीतला पिवळट मगज आठवा. प्रौढ माणसाच्या हाताच्या हाडांत बहुतेक तशीच चरबीदार मज्जा असते. रक्त घडवणारी लाल मज्जा मणके, कटी, उरोस्थी इथे. उंदराचा पाय जोडला की त्यासोबत जिवंत, कामाची मज्जाही येते. म्हणून उंदरांवरचे सुंदर निकाल माणसाच्या हाताला जसेच्या तसे लावू नका.

कामाचं म्हणाल तर फ्लो सायटोमेट्री (पेशींचे प्रकार ओळखून मोजण्याचं तंत्र) शिका आणि त्वचेच्या बायॉप्सीच्या (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या) स्लाइड पाहा. रिजेक्शनच्या सुरुवातीला त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइटचे जांभळे घोळके जमतात. ते ओळखता आले की रिजेक्शनची तीव्रता ठरवणारी २००७ ची बॅन्फ श्रेणी पाठ करावी लागत नाही. हातांच्या शस्त्रक्रिया मोजक्याच होतात, पण चिमेरिझमची चाचणी रक्ताच्या कर्करोगात मज्जा बदलल्यावरही करावी लागते. अशा प्रयोगशाळेत पहिली नोकरी मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी घ्या.