एबीएसचा दिवा पेटला की आधी सेन्सर बदलू नका

जुन्या व्हॅनच्या मीटरवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा राहिला की गाडीवाला थेट स्पेअरच्या दुकानात जातो आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आणतो. सेन्सर बसतो, दिवा तसाच. मग दुसऱ्या चाकाचा बदलतात. शेवटी कोणीतरी 'मॉड्यूल (एबीएस चालवणारा कॉम्प्युटर) गेलंय' म्हणून सांगतं आणि मोठ्या खर्चाची तयारी सुरू होते. या सगळ्या खटाटोपात गाडीखाली वाकून टॉर्च कोणी मारलेला नसतो. पावसा-चिखलातून वर्षानुवर्षं धावलेल्या गाडीत सेन्सर बहुधा ठीकच असतो. दोष निघतो तो गंजात, वायरीत किंवा चाकाबरोबर फिरणाऱ्या, सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो त्या रिंगमध्ये.

पहिल्यांदा दिवा कधी पेटतो ते बघा. चावी फिरवल्यावर तो दोन-चार सेकंद लागून विझायला हवा. विझलाच नाही तर तुटलेली किंवा शॉर्ट झालेली वायर, फ्यूज किंवा सप्लाय शोधा. विझला आणि गाडी ताशी १०-२० किमीच्या वेगाला आल्यावर परत लागला, तर वायर जोडलेली आहे पण चाकाकडून सिग्नल नीट येत नाही. आणि दिवा मुळीच लागत नसेल तर तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. जुनी व्हॅन विकत घेताना हे न बघता पैसे देऊ नका.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड दाखवतो. त्यात 'कोड नाही' आलं म्हणजे एबीएस ठीक आहे असं नाही. एबीएस वाचणारा स्कॅनर लावा. सर्वसाधारण कोडमध्ये सी००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. कोड त्या चाकाच्या सर्किटकडे बोट दाखवतो. सेन्सर, वायर, कपलर (वायरीचा प्लग), रिंग, बेअरिंग सगळं त्यात आलं. 'कोड आला, सेन्सर बदला' ही घाई इथेच महागात पडते.

आता रिंगचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. कोकणात तीन-चार पावसाळे काढलेली व्हॅन घ्या. तक्रार अशी असते: सिग्नलला गाडी थांबता थांबता, ५-१० च्या वेगाला, ब्रेक पेडल पायाखाली कुरकुरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. दिवा कधी लागतो, कधी नाही. डिस्क वाकडी झाली म्हणून डिस्क टर्निंगला जातात, पॅड बदलतात, मग सेन्सरही बदलतात. तक्रार जिथल्या तिथे. खरं कारण शाफ्टवर किंवा हबवर दाबून बसवलेली दात्यांची रिंग. तिच्याखाली गंज फुगतो, रिंग वर उचलते आणि एका जागी तडकते. तडकलेल्या जागी दोन दात्यांमधलं अंतर वाढतं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला सिग्नल एकदा अडखळतो. हळू वेगात मॉड्यूलला वाटतं चाक लॉक झालं आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडून देतं. तडा केसाएवढा असतो, वर चिखल बसलेला. म्हणून गाडी घोडीवर घ्या, रिंग वायर ब्रशने साफ करा आणि चाक हाताने हळूहळू फिरवत पूर्ण एक फेरा टॉर्चखाली बघा. पाव फेरा बघून 'ठीक आहे' म्हणणाऱ्यांना तडा सापडत नाही. रिंग तडकलेली निघाली तर वेल्डिंग करू नका. रिंग बदला, आणि बसवण्याआधी खालचा गंज धातू दिसेपर्यंत काढा, नाहीतर नवीनही तशीच फुटेल.

दुसरी चूक बेअरिंगची. बऱ्याच गाड्यांत दात्यांची रिंग नसतेच. बेअरिंगच्या एका बाजूच्या काळ्या सीलमध्ये चुंबकाचे पट्टे असतात. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच. ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. उलटं बेअरिंग दाबलं की गाडी छान चालते, आवाज नाही, फक्त दिवा जात नाही आणि शिव्या बिचाऱ्या सेन्सरला. प्रेसखाली ठेवण्याआधी स्टेपलरची पिन दोन्ही सीलना लावून बघा. जिथे चिकटेल ती बाजू सेन्सरकडे. एकदा दाबलेलं बेअरिंग काढताना खराब होतं, त्यामुळे हे अर्ध्या मिनिटाचं काम आधीच करा.

मीटर लावताना सेन्सर कोणता ते ओळखा. जुन्या कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण ८०० ते २,००० ओहम येतो. डाव्या-उजव्याची तुलना करणं सगळ्यात भरवशाचं. चाक सेकंदाला एक फेरा फिरवलं की निदान ०.१-०.२ व्होल्ट एसी दिसायला हवा. नवीन प्रकारच्या, सप्लायवर चालणाऱ्या सेन्सरला ओहम लावू नका, त्यातून काही कळत नाही. तिथे कपलर काढून, चावी चालू ठेवून गाडीकडच्या बाजूला ८ ते १२ व्होल्टच्या आसपास सप्लाय येतोय का बघा. मीटर लावलेला असतानाच वायर हाताने वाकवा आणि स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवा. आतली तार तुटते ती नेमकी वळणाच्या जागी, वरचं रबर शाबूत असतं.

वायरला टेस्ट लॅम्पची सुई टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळा टिकत नाही.

अडकलेला सेन्सर पकडीने पिळला की डोकं हातात आणि बुंधा नॅकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या भागात). रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी हलक्या हाताने दोन्हीकडे फिरवा. भोक आणि बसण्याची जागा पॉलिश पेपरने घासा. तिथे गंजाचा थर राहिला तर सेन्सर वर उचलतो आणि सिग्नल मरतो.

चार्जिंग १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान नसेल तर आधी ते सुधारा. व्होल्टेज १० च्या आसपास घसरलं की मॉड्यूल स्वतःच बंद होतं. चारही टायर एकाच मापाचे हवेत, हेही तपासा.

आणि दिवा नको म्हणून एबीएसचा फ्यूज काढणं बंद करा. त्याबरोबर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी सोय) जातं. रिकाम्या किंवा कमी भरलेल्या व्हॅनची मागची बाजू हलकी असते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी होते. मागे शाळेची मुलं किंवा घरची माणसं बसलेली असतात. पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी उभी करा, ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि कारण सापडेपर्यंत चालवू नका.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि स्कॅनरवर चारही चाकांचा वेग लावून, दुसऱ्या माणसाला आकडे बघायला बसवून मोकळ्या रस्त्यावर गाडी न्या. काही गाड्यांत २० च्या पुढे गेल्याशिवाय दिवा विझतच नाही. सरळ रस्त्यावर चारही आकडे सोबत चढायला आणि सोबत उतरायला हवेत. एखादा आकडा मध्येच शून्यावर आला, तर परत त्याच चाकाखाली घोडी लावा.